मागे भांड्यांचा आवाज

माझ्या तोंडाला आख्खं लातूर भिऊन असतं आणि माझ्या हातच्या धपाट्यांपायी ते सहनही करतं. निम्मा जन्म मी मेस चालवली. खेड्यापाड्यांतून शिकायला आलेली लेकरं माझ्याकडं जेवली आणि जेवताना शिव्याही खाऊन गेली. उशिरा आला तर "आलं का सरकार", ताटात टाकलं तर "बापानं मळा लिहून दिलाय का". कुणी कधी रुसलं नाही. रुसलंच तर त्याच्या ताटात मी गुपचूप लोण्याचा गोळा टाकायचे.

हे सांगायचं कारण माझी पोरगी, गिरिजा. तिला मी गिरिजा असं कधी म्हणलंच नाही. चार वर्षांची असताना 'मदत करते' म्हणून तिनं पातेलंभर वरणात मिठाची बरणी उपडी केली. पोरं जेवायला बसलेली. मी कपाळावर हात मारला, म्हणलं, काय दिवटी आली गं माझ्या पोटी! तेव्हापासून ती दिवटी. मेसची पोरंही दिवटीच म्हणायची. आता दिवटी म्हणजे मशाल हे मला माहीत आहे, आणि कुळाचं नाव घालवणाऱ्याला आपल्याकडं दिवटा म्हणतात, हेही माहीत आहे. तुम्ही कुठल्या अर्थानं म्हणायचात, असं मला पुढं बऱ्याच जणांनी विचारलं. अहो, अर्थ बघून कुठं आई लेकराला हाक मारते का?

पोर हुशार. पण हुशार म्हणायचं नाही, दृष्ट लागते. शेजारीण म्हणाली, गिरिजाचं नाव पेपरात आलंय, तर मी म्हणायचे, कसलं नाव नि कसलं काय, रोज दूध उतू घालते. शेजारीण दाराआड गेली की पोरीवरून मीठ-मोहऱ्या उतरवायचे. आमच्याकडं माया अशीच करतात. रागावले की पाच मिनिटांनी ओट्यावर ताट आपटायचं, एवढीच माझी रीत. ताट वाजलं की दिवटीला कळायचं, आईचा राग संपला, गरम वाढलंय, जेवायला जावं.

तिला जमिनीखालच्या पाण्याचं शास्त्र शिकायचं होतं. लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं ते तिच्या जन्माच्या आधी, पण ती गोष्ट ती माझ्याकडून पुन्हा पुन्हा ऐकायची. मग एक दिवस म्हणाली, आई, पाणी खाली असतं गं, फक्त कुठं आहे ते कुणी नीट विचारत नाही. मी म्हणलं, तू विचार, काय दिवे लावायचे ते लाव. तिथून ते डोक्यात बसलं.

मधल्या काळात शिक्षणाचा सगळा नूरच पालटला. आमचं लातूर म्हणजे परीक्षा. क्लास, होस्टेल, झेरॉक्स, मेस, सगळ्यांचं पोट परीक्षेवर. मग शिकवायचं काम यंत्रांनी घेतलं. प्रत्येक लेकराला त्याच्या चालीनं शिकवणारा मास्तर कानात मिळाला. आधी क्लास ओस पडले, मग होस्टेलं, मग माझ्या पंगती. गुण सगळ्यांनाच चांगले पडायला लागले, तेव्हा कॉलेजांची पंचाईत झाली. सगळेच पहिले, तर घ्यायचं कुणाला? शेवटी प्रवेशाची परीक्षाच गेली. आम्हाला आनंद झाला होता, हे आठवलं की आता हसू येतं. परीक्षेच्या जागी 'कान' आला.

कान बसवायला आमच्या घरी रेवती देवणीकर आली. ही रेवती दोन वर्षं माझ्याच मेसमध्ये जेवलेली. सकाळी उठायची नाही, म्हणून मी तिला म्हैस म्हणायचे. आता प्रवेश केंद्रात मोठी मॅडम. तिनं पांढरी, पेढ्याएवढी डबी फळीवर चिकटवली आणि चहा घेता घेता सगळं समजावून सांगितलं. मला कळलं तसं सांगते.

माणूस अवघड गणितापाशी अडतो तेव्हा गप्प दिसतो, पण गप्प नसतो. आतल्या आत बोलत असतो. ओठ हलत नाहीत, तरी घशाच्या आणि जबड्याच्या स्नायूंत बारीक थरथर होते. मानेला पातळ पट्टी लावून ती थरथर वाचता येते, आणि वाचली की आतलं वाक्य कळतं. शास्त्रज्ञांनी हजारो पोरांची अशी वाक्यं गोळा केली. त्यात त्यांना दिसलं, की अडलेलं पोर स्वतःशी स्वतःच्या आवाजात बोलतच नाही. घरातल्या कुणाच्या तरी आवाजात, घरच्याच शब्दांत बोलतं. आणि तो आवाज काय म्हणतो त्यावरून हे पोर पुन्हा पेन उचलेल की सोडून देईल, हे आधीच सांगता येतं. गुणांवरून जे कधी कळलं नाही ते यावरून कळतं.

मी विचारलं, मग पोरांनाच पट्टी लावा की, आमच्या भिंतीला कान कशाला? रेवती हसली. आधी पट्टीच लावायचे म्हणाली. पण उरल्यासुरल्या क्लासवाल्यांनी पोरांकडून आतल्या आत काय बोलायचं तेही पाठ करून घेतलं. म्हणून आता जिथून तो आवाज येतो तिथं, घरात, तीन आठवडे ऐकायचं.

फी त्यावर ठरते. जे पोर शेवटपर्यंत टिकेल असं यंत्र म्हणतं, त्याचा खर्च पुढं त्याला नोकरी देणाऱ्या कंपन्या उचलतात. ज्याचा भरवसा नाही त्यालाही कॉलेज नाही म्हणत नाही. नाही कुणालाच म्हणत नाहीत हो, फार सभ्य लोक. फक्त पुरी फी सांगतात. ती पुरी फी अशी, की आमचं घर, मेस आणि वर आम्ही दोघं नवरा-बायको विकलो असतो तरी दोन वर्षांची निघाली नसती.

रेवती गेल्यावर माझे मालक, मन्मथराव, फळीखालून चोरासारखे चालायला लागले. मला खुणेनं म्हणाले, "हळू बोल, ते ऐकलालंय." मीही घाबरले. पहिल्या दिवशी दिवटीला म्हणलं, "बाळा गिरिजा, जेवतेस का?" तर ती पोट धरून हसली. म्हणाली, आई, खोटा सूर लागला की त्याला लगेच कळतं, आणि खोट्याला ते सगळ्यात वाईट मानतं. तू जशी आहेस तशीच बोल. आपल्या घरात लपवण्यासारखं आहे काय?

मलाही वाटलं, खरंच काय आहे? मी माझ्यासारखी बोलले.

निकाल गिरिजाच्या फोनवर आला तेव्हा आम्ही तिघं फळीसमोर उभे होतो. गिरिजाची स्वतःची क्षमता: उत्तम. वडिलांचा आवाज: तटस्थ. आईचा आवाज: मारक. मन्मथरावांच्या गप्प बसण्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी बरं म्हणलं, आणि मी म्हणजे विष. खाली फी लिहिली होती. पुरी.

मी मारक शब्द दोनदा वाचला. तव्यावर धपाटा होता, तो तसाच करपत राहिला.

दिवटी माझ्याकडं बघतच नव्हती. मग एकदम म्हणाली, "त्यांचं गणितच चुकलंय. अशा बोलण्याच्या घरातली पोरं शिक्षण सोडतात, हे खरं. पण ती बोलण्यामुळं नाही सोडत, त्या घरांत पैसा नसतो म्हणून सोडतात." मन्मथराव म्हणाले, बरोबर आहे तुझं. आणि आम्ही तिघं एकमेकांना बरोबर आहे, बरोबर आहे म्हणत बसलो. दुसऱ्या कुणाला सांगणार?

दुसऱ्या दिवशी मी प्रवेश केंद्रात गेले. जुन्या क्लासचीच इमारत ती. ज्या हॉलमध्ये हजार पोरं दाटीवाटीनं बसायची तिथं आता काचेच्या खोल्या, आणि खोल्यांत माझ्यासारख्या आया. कुणी गावरान बोलीत बोललेली, कुणी नुसतीच कमी बोललेली. एकीचं तर म्हणणं होतं, ती पोराला एकसारखं "बघू" म्हणायची, तेच नडलं.

रेवतीनं मला बसवलं, पाणी दिलं. मी म्हणलं, अगं म्हशी, तू तरी सांग त्यांना, माझ्या शिव्या म्हणजे काय ते.

"काकू, तुमच्या शिव्या खाऊनच मी शिकले," ती म्हणाली. "माझ्या डोक्यात आजही तुम्हीच बोलता. पण मला कळून काय उपयोग? मी फक्त निकाल हातात देते. बदलायचं बटण माझ्याकडं नाही."

मी हट्ट धरला, की माझा काय गुन्हा तो मला ऐकवा. तिनं यंत्रावर एक तुकडा लावला. माझाच आवाज. दिवटीची बारावीची सराव चाचणी बिघडली होती त्या दुपारचा. "काय उजेड पाडलास! आता बस डोक्याला हात लावून, दिवटे." मग थोडं थांबून, "जा, काय दिवे लावायचे ते लाव." आवाज खरंच कडू वाटला. घरात बोलताना असा कधी वाटला नव्हता. पडद्यावर शब्द उमटत होते, प्रत्येक शब्दाला तांबडी रेघ. मी पुढचं ऐकायची वाट बघत होते, कारण त्या दुपारी मी तव्यावरचा धपाटा काढला होता, त्यावर लोणी घातलं होतं आणि ताट ओट्यावर आपटलं होतं, आणि दिवटी डोळे पुसत येऊन जेवली होती. पण तुकडा तिथंच संपला. नुसती शांतता.

मी विचारलं, ताट कुठं गेलं? माझं ताट वाजलं होतं ते?

रेवतीनं पडद्यावर बोट ठेवलं. कंसात बारीक अक्षरात लिहिलं होतं, मागे भांड्यांचा आवाज. ती म्हणाली, ते यंत्र आधी बोलणं स्वच्छ करून घेतं. पंखा, गाडीचा हॉर्न, भांडी, असलं मागचं सगळं काढून टाकतं आणि मगच ऐकतं.

भांडायला आले होते, पण भांडायचं कुणाशी? समोर माझ्याच हातचं जेवलेली पोरगी, तीही डोळे पुसतेय. मी उठले तर तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, एक वाट आहे.

त्या वाटेला विलग प्रवेश म्हणतात. घरचा आवाज पोरापासून तोडायचा. पोरगी होस्टेलला, घरापासून लांब. तिच्या मनगटाला पट्टा, त्यात कान. घरच्यांशी बोलणं फक्त त्या पट्ट्यातून. घरून चांगले शब्द गेले तर चारही वर्षं फी माफ. मारक शब्द गेला तर पिवळा दिवा. तीन पिवळे झाले की सगळी फी मागल्या वर्षांसकट एकदम भरायची. पोरगी एखाद्या विषयात तीनदा नापास झाली तरी तेच.

घरी आल्यावर दिवटी ऐकेचना. मला नको असलं शिक्षण, म्हणाली. तुझ्या तोंडाला कुलूप घालून मी पाणी शोधू? इथं मेसमध्ये पोळ्या लाटीन. मन्मथरावांनी शेवटी तोंड उघडलं आणि म्हणाले, तुमचं तुम्ही ठरवा. म्हणजे पुन्हा तटस्थ.

मी ठरवलं. मेसमध्ये जेवणारे उरले होते सात-आठ म्हातारे, त्यांच्यासाठी ही पोळ्या लाटणार? मी म्हणलं, दिवटे, तुझ्या शिक्षणाला माझ्याकडं पैसा नाही, सोनं नाही, शेत नाही. जीभ आहे. तेवढी घेत असतील तर देऊन टाकू. ती रडली. मी तिला रडू दिलं आणि मग ताट आपटलं.

केंद्रात सही नसते, आवाजानं कबूल करायचं असतं. मी काचेच्या खोलीत उभी राहून म्हणलं, "मी, शिवकांता मन्मथ बिराजदार, माझ्या बोलण्याची जबाबदारी घेते." यंत्र म्हणालं, धन्यवाद. रेवती काचेपलीकडं तोंड फिरवून उभी होती.

दिवटी गेली. पार दक्षिणेला, समुद्राजवळच्या गावाला. पहिल्याच आठवड्यात फोनवर माझ्या तोंडून गेलं, "गाढवा, जेवलीस का?" फोनच्या कडेला पिवळा दिवा लागला. तिच्या मनगटावरही लागला असणार, कारण दोघींनी एकदमच फोन ठेवला. दुसरा पिवळा तिच्या वाढदिवसाला. आनंदाच्या भरात जिभेवर ताबा राहिला नाही, एवढंच म्हणते.

तिथून पुढं मी शिकले. या वयात शाळेत गेल्यासारखी शिकले. केंद्रानं दिलेली वाक्यं मन्मथरावांकडून म्हणून घेतली आणि मागून म्हणत राहिले. खूप छान. मला तुझा अभिमान वाटतो. चुकलं तरी हरकत नाही, आपण त्यातून शिकतो. ही वाक्यं वाईट नाहीत हो. ज्यांच्या तोंडची आहेत त्यांच्या तोंडी शोभतातही. माझ्या तोंडात ती दुसऱ्याच्या कवळीसारखी खुळखुळायची. पण फोनवर हिरवा दिवा लागायचा, आणि हिरवा लागला की मन्मथराव मान डोलवायचे.

फोन लहान होत गेले. तीही तसंच बोलायला लागली. मी छान आहे आई. जेवण छान आहे. आम्ही दोघी दोन परक्या बायकांसारख्या एकमेकींना छान छान म्हणायचो. फोन ठेवला की मी रिकाम्या मेसमध्ये तवा घासत बसायचे, स्वच्छ असला तरी.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, एका दुपारी, म्हातारे जेवून गेले होते, मी ओटा पुसत होते, तेव्हा तिचा फोन आला. आवाजावरूनच कळलं, काहीतरी बिनसलंय.

जमिनीखाली पाणी कसं वाहतं त्याच्या गणिताचा विषय होता. त्यात ती दोनदा नापास झाली होती. मला एकदाही सांगितलं नव्हतं. सोमवारी तिसरा पेपर. आणि पेपर बघितला की ती नुसती बसून राहते, म्हणाली. हातच हलत नाही.

"आई, आधी अडले की आतून तू बोलायचीस," ती म्हणाली. "ऊठ दिवटे, काय बघत बसलीस. आणि मी उठायचे. आता तो आवाज येत नाही. मी आठवून बघते, शब्द आठवतात, पण ते माझ्याच आवाजात. आणि दुसरा येतो तो म्हणतो, खूप छान, मला तुझा अभिमान वाटतो. तो तुझा नाहीच गं. लिफ्टमध्ये मजला सांगणाऱ्या बाईचा आहे."

मी ओटा पुसायचं फडकं खाली ठेवलं.

"आई, एकदाच दिवटी म्हण ना."

तिच्या बोलण्याला दिवा नव्हता, माझ्या बोलण्याला होता. तिसरा पिवळा. म्हणलं तर आजच सगळी फी. नाही म्हणलं आणि पोर सोमवारी बसूनच राहिली, तरी सगळी फी. शेजारणीचा फोन घेऊन बोलावं तर दिवटीच्या मनगटाचा पट्टा तिथं ऐकतच असतो. चिठ्ठी पाठवावी, तर कागदावरची दिवटी काय कामाची? तिला शब्द नको होता, आवाज हवा होता. शब्द जिभेच्या टोकावर येऊन बसला होता. मी दातांखाली पदर धरला आणि तो गिळला. असं आवंढ्यासारखं गिळायला लागतं हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

आणि तेव्हा मला ते आठवलं. कंसातलं. मागे भांड्यांचा आवाज. त्याला तांबडी रेघ नव्हती. त्याला दिवाच नव्हता, ना पिवळा ना हिरवा. यंत्र त्याला मोजतच नव्हतं. माझ्या अंगात एकदम जीव आला. म्हणलं, शिवकांता, अगं हे तर तुझ्या हातातच होतं की!

फोन ओट्यावर ठेवला. तिचं लहानपणचं पितळी ताट वरच्या फळीवर होतं, ते काढलं आणि ओट्यावर आपटलं. दाणकन. जसं आपटायची तसंच, राग संपल्यावर. मग पुन्हा. मग उलथन्यानं तवा वाजवला, झाकण वाजवलं, परात वाजवली. ऊठ दिवटे. ऊठ. गरम वाढलंय. काय बघत बसलीस. सगळं वाजवून सांगितलं, दोन वर्षांचं साचलेलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते. मन्मथराव बाहेरून पळत आले आणि दारातच उभे राहिले. फोनकडं बघितलं तर दिवा खरंच नव्हता. पिवळा नाही, काही नाही.

धापा टाकत मी फोन कानाला लावला.

"आई?" ती विचारत होती. "आई, ऐकू येतंय का? एकदम सगळं शांतच झालं. बोल ना काहीतरी. ठेवलास का गं फोन?"

तिच्यापर्यंत काहीच पोचलं नव्हतं. यंत्रानं मागचं सगळं काढून, स्वच्छ करून, तिला नुसती शांतता दिली होती.

उलथनं माझ्या हातात तसंच होतं. मन्मथरावांनी माझ्याकडं बघितलं आणि हळूच नकारार्थी मान हलवली.

"आहे मी, बाळा," मी म्हणलं. "तू खूप छान करतेस."

हिरवा दिवा लागला.